सगळे आठवायलाच हवे का?

प्रश्न : माझे वय ४२. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते. माहेर पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातले. १९९१च्या सिंहस्थात आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली होती आणि आम्हां मुलांची अंथरुणे माडीवर पडत. त्या दिवसांतले मला फारसे आठवत नव्हते आणि त्याचे कधी काही वाटलेही नव्हते. आता पुन्हा सिंहस्थाची तयारी सुरू झाली आहे. ‘या वेळीही सगळे आपल्याकडेच उतरतील,’ असे म्हणत आईने वडिलांच्या एका मावसभावाचे नाव घेतले, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. गोधड्यांना येणारा डांबरगोळ्यांचा वास, जिन्याची झडप पडल्याचा आवाज, तोंडावर दाबलेला हात, एवढेच पुनःपुन्हा येते. पुढचे काही दिसत नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते, माझी मुलगी आज आठ वर्षांची आहे. हे खरेच घडले असेल, की माझ्या मनाचे खेळ आहेत? संमोहनाने दडपलेल्या आठवणी बाहेर काढणाऱ्या एका गृहस्थांचे नाव मैत्रिणीने सुचवले आहे. जावे का? आईला विचारावे का? आणि इतक्या वर्षांनी तक्रार करता येते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, त्या गृहस्थांकडे जाऊ नका, हे सर्वांत आधी सांगते. संमोहनाखाली माणूस अधिक बोलतो, अधिक तपशील सांगतो आणि सांगितलेल्यावर त्याचा विश्वासही पक्का होतो. परंतु ते तपशील त्यामुळे अधिक अचूक ठरत नाहीत. आठवताना मन हाती असलेल्या तुकड्यांतून प्रसंग नव्याने जुळवत असते आणि त्यात दुसऱ्याने सुचवलेलेही बेमालूम मिसळते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना, ते लहानपणी बाजारसंकुलात हरवले होते, अशी खोटी हकिकत घरच्यांच्या हवाल्याने सांगण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे चौथाई लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवली’.

एवढ्यावरून, ‘म्हणजे हे सगळे मनाचेच खेळ,’ असा निष्कर्ष कोणी काढू लागले, तर मी त्याला तितक्याच ठामपणे अडवीन. लिंडा मायर विल्यम्स या अमेरिकी संशोधिकेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२९ स्त्रिया होत्या. त्यांच्यावर बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची नोंद रुग्णालयाच्या कागदपत्रांत होती, आणि तरीही सुमारे १७ वर्षांनंतर त्यांपैकी ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेख केला नाही. काहींना ती सांगायची नसेल, हे खरे. पण विसर पडतो, हेही त्यावरून दिसते. त्यामागे दमनाची, म्हणजे नकोशी आठवण मनाने नकळत दाबून टाकण्याची, गूढ यंत्रणाच असली पाहिजे असे नाही, आणि याबाबत तज्ज्ञांचे भांडण अजून मिटलेले नाही. आठ वर्षांच्या मुलीला घडले त्याचा अर्थ लागत नाही, त्यासाठी तिच्याजवळ शब्द नसतात, घरात तो विषय निघत नाही, आणि मग ती आठवण कोपऱ्यात पडून राहते. पुढे स्वतःची मुलगी त्याच वयाची होते, तेच नाव कानावर पडते, आणि अर्थ एकदम अंगावर येतो.

तुमच्या बाबतीत नेमके काय घडले, हे मी या पानावरून सांगू शकत नाही, आणि समोर बसलेला प्रामाणिक तज्ज्ञही बाहेरच्या दुजोऱ्याशिवाय ते सांगणार नाही. मात्र बरे होणे त्या उत्तरावर अडलेले नाही, हे मला तुम्हांला आवर्जून सांगायचे आहे. उपचार होतो तो आजच्या झोपेवर, धडधडीवर, दचकण्यावर आणि ‘माझेच काही चुकले असेल’ या समजुतीवर. माडीवरच्या रात्रीचा पुढचा भाग कधीच दिसला नाही, तरी या गोष्टी सुधारतात. आधी मनाला आणि शरीराला स्थैर्य येऊ द्यायचे, आणि मग गरज असेल तेवढेच, तुमच्या गतीने, त्या प्रसंगाकडे वळायचे, हा क्रम चांगला चिकित्सक मोडत नाही. आघातानंतरच्या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (प्रसंगाशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्रासदायक आठवणीची तीव्रता कमी करण्याचा उपचार) या दोन पद्धतींची शिफारस केली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना ‘आठवण नाही आली तर काय कराल?’ असे थेट विचारा. ‘ती काढावीच लागेल’ असे उत्तर आले, तर दुसरे दार ठोठावा. झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका.

तोवर तो वास किंवा आवाज दाटून आला, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, मनगटांवर गार पाणी सोडा, आजची तारीख आणि आपला आजचा पत्ता मोठ्याने म्हणा. हे बालिश वाटेल, पण घाबरलेल्या शरीराला काळ कोणता आहे ते कळवावे लागते.

आईशी बोलण्यापूर्वी, आज जे आठवते ते जसेच्या तसे, रिकाम्या जागा न भरता, तारीख घालून लिहून ठेवा, म्हणजे नंतर मिसळलेले वेगळे ओळखू येईल. विचारताना नाव घेऊ नका. ‘त्या सिंहस्थात आम्ही मुले कुठे झोपायचो, माडीवर कोण कोण असायचे?’ एवढेच विचारा. ‘काहीतरीच काय बोलतेस!’ असे उत्तर आले, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या पिढीच्या आईला स्वतःच्या घराविषयी असे ऐकणे फार जड जाते. थोडे सावरल्यावरच हा विषय काढा.

मुलीबाबत मात्र थांबू नका. पुरावा न्यायालयाला लागतो. आपल्या मुलीने कोणाच्या शेजारी झोपायचे, हे ठरवायला आईला तो लागत नाही. सिंहस्थात ते गृहस्थ पंचवटीत उतरणार असतील, तर मुलीचा मुक्काम गंगापूर रोडलाच राहू द्या आणि कारण विचारणाऱ्याला ‘तिची शाळा आहे’ एवढे सांगा.

तक्रारीबाबत थोडक्यात सांगते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्यामुळे १९९१ सालच्या घटनेला त्या वेळची भारतीय दंड संहिता लागू होईल. गंभीर गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही, सौम्य कलमांना आहे, म्हणून वकिलाचा सल्ला आवश्यक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, तो विनामूल्य मिळतो. निर्णय आजच घ्यायला हवा असे नाही. परंतु एखाद्या रात्री जगणे नकोसे वाटले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.