घरात सगळं क्रिकेट, मुलगा मात्र लिटल लीगमध्ये. पहिल्या सीझनला पालकांनी काय करायचं?

तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे, तुम्ही न्यूजर्सीत राहता, यंदा त्याचं नाव लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, घातलंय आणि घरात बेसबॉल कुणालाच कळत नाही. सीझनभर आपण नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. तीन वर्षांपूर्वी मी नेमकी याच जागी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

स्कोअरबुक, म्हणजे सामन्याची नोंदवही, लिहायला घ्या. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

पहिल्या पालक-सभेत कोच विचारतातच, स्कोअर कोण लिहील? त्या दिवशी कुणाचाच हात वर झाला नाही, तेव्हा मी केला. माझे वडील सांगलीला रेडिओवरची कॉमेंटरी ऐकत वहीत एकेक चेंडू टिपायचे. लहानपणी ती वही मी रोज बघितली होती, त्यामुळे पेन्सिल हातात धरायची भीती वाटली नाही. हल्ली बरेच संघ फोनवरच्या अ‍ॅपमध्ये स्कोअर ठेवतात, तेही चालतं. पण मी कागदच सुचवीन. फोन हातात असला की मधेच मेसेज येतो, नजर खाली जाते आणि तेवढ्यात खेळ पुढे सरकलेला असतो.

शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा) २, पहिला बेस (बेस म्हणजे फलंदाजाने पळत गाठायचा टप्पा) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर वहीतल्या त्याच्या चौकटीत ‘६-३’ लिहायचं. तीन स्ट्राइकवर (हुकलेले किंवा खेळायला हवे असताना सोडलेले चेंडू) बाद झाला तर ‘के’ हे रोमन अक्षर. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून हुकला असेल तर के सरळ, नुसता बघत उभा राहिला असेल तर के उलटा, आरशात दिसतो तसा. हा उलटा के लक्षात ठेवा, आमचं पहिलं वर्ष त्याच्यावर फिरलं.

पहिल्या सहा सामन्यांत माझा मुलगा १५ वेळा बॅटिंगला गेला. चार वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडले की फुकट मिळणारा पहिला बेस), एकदा चेंडू अंगावर लागून बेस मिळाला, एक साधा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) ४-३ ने बाद, आणि नऊ के. घरी येऊन तो म्हणायचा, मला जमतच नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एका रविवारी सकाळी चहा घेताना वही उघडून नुसती पानं चाळली. पहिले दोन के सरळ होते. मग दुसऱ्या सामन्यातली ती नोंद, पाठीत चेंडू लागल्याची. त्याच्या पुढचे सातच्या सात के उलटे.

म्हणजे पोराला जमत नव्हतं असं नाही, त्याने बॅट फिरवणंच सोडून दिलं होतं. चेंडू आला की तो जागच्या जागी गोठायचा. सहा सामने मी समोर बसून होते आणि मला हे दिसलं नव्हतं, ते त्या सात चौकटींत दिसलं.

यात आमच्या क्रिकेटचाही वाटा होता. माझा नवरा कॉलेजला ओपनिंगला खेळलेला. मुलाने चेंडू सोडला की तो प्रेमाने ओरडायचा, “छान सोडलास!” क्रिकेटमध्ये सोडता येणं हा गुणच आहे. इथे मात्र प्लेटवरून (फलंदाजाशेजारची जमिनीतली पांढरी पाटी), गुडघा ते काख या उंचीत गेलेला चेंडू सोडला की स्ट्राइक. घाबरलेल्या मुलाला आम्ही न घाबरल्याचं सर्टिफिकेट देत होतो. शिवाय क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, आणि या वयात पिचर उभा असतो ४६ फुटांवर. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून थोडासाच हलका, पायाला पॅड नाहीत. आणि टाकणारा ९-१० वर्षांचा, चेंडू कुठे जाईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. भीती वाटणारच. त्यात गैर काहीच नाही.

मग आम्ही अंगणात टेनिसचे चेंडू घेतले. बॅट बाजूला ठेवली आणि आधी लागून घ्यायलाच शिकवलं. चेंडू अंगावर येतोय असं दिसलं की पिचरकडे तोंड करून मागे पळायचं नाही, तर पुढचा खांदा आत वळवून पाठ द्यायची, हनुवटी छातीला, बॅट खाली. आधी तो आमच्या अंगावर चेंडू टाकायचा, मग आम्ही त्याच्या. दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं. चेंडू पाठीवर घेता येतो हे कळलं तसे त्याचे खांदे सैल झाले.

नवव्या सामन्याला माझे वडील आलेले होते. एप्रिल सरला तरी वारा बोचरा, म्हणून घोंगडी गुडघ्यावर घेऊन, थर्मासमधला चहा हातात धरून शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसले होते. दोन बॉल (बाहेरचे सोडलेले चेंडू), दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू खांद्याएवढा उंच, सोडण्यासारखाच. पोराने अशी जोरात बॅट फिरवली की हेल्मेट डोळ्यांवर आलं. बाद. मी चौकटीत के लिहिला. बाबांनी वहीत वाकून बघितलं आणि विचारलं, “सरळ?” म्हटलं, “सरळ.” त्यांनी नातवाकडे बघून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यांना नियम माहीत नाहीत. पहिली हिट त्याच्या पुढच्या सामन्यात पडली, पण माझ्या लक्षात राहिलाय तो हा के.

स्कोअर लिहिणाऱ्याकडे बहुतेक वेळा पिचच्या, म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूंच्या, मोजणीचंही काम येतं. ते अंग चोरून करू नका. लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग) चेंडूंची मर्यादा घातली, कारण वाढत्या वयात कोपराची आणि खांद्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात. ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू, ११-१२ ला ८५. टाकलेल्या चेंडूंप्रमाणे विश्रांतीचे दिवसही ठरलेले: २० पर्यंत काही नाही, ३५ पर्यंत एक दिवस, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, त्यावर चार. एका सामन्यात एक कोच मोजणी ऐकूनही “अजून एक फलंदाज” म्हणत होते. मी उठून अंपायरना आकडा दाखवला. समोरच्या फलंदाजापुरती सूट नियमातच आहे, त्याच्यापुढे नाही. तो मुलगा आमच्या संघातला होता, आम्ही सामना हरत होतो, तरीही दाखवला. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही दाखवा.

वही आणखी एका कामी येते. प्रत्येक मुलाला निदान एकदा बॅटिंग आणि सहा आउट होईपर्यंत फिल्डिंग मिळायला हवी, असा नियम आहे. तुमच्या मुलाला ते मिळालं नाही असं दिसलं तर त्याच दिवशी कुंपणाशी जाऊन वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे वहीसकट बोला. कोचही कुणाचे तरी आईबाबाच असतात, पगार घेत नाहीत, आणि बहुतेक वेळा ती निव्वळ नजरचूक असते.

सामानाबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी महागडी बॅट घेऊ नका. यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली साधी बॅट घ्या, तो शिक्का नसेल तर (एकसंध लाकडी बॅट सोडून) अंपायर खेळू देणार नाहीत. ग्लव्ह मात्र त्याच्या हाताला बसणारा हवा. मोठा होईल म्हणून एक नंबर मोठा घेतला तर वर्षभर चेंडू निसटतील. गार्ड विसरू नका. सीझन एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, आठवड्याला साधारण दोन गेम आणि एक प्रॅक्टिस. गेम सहा इनिंगचा, दोन तास धरून चाला. वीज-गडगडाट झाला की शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास सगळे गाडीत बसून राहतात, तेव्हा खायला काहीतरी जवळ असू द्या. संघाबरोबर कामं करणाऱ्या पालकांना स्वयंसेवकाचा फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी लागते, ती मार्चमध्येच उरकून टाका.

धाकटी मुलगी असेल तर तिलाही आणा. आमच्या संघात सेकंड बेसला मुलगीच आहे, आणि हा रस्ता न्यूजर्सीतूनच निघाला. होबोकनच्या मारिया पेपेला १९७२ मध्ये तीन सामन्यांनंतर संघ सोडायला लावलं होतं. ते प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं.

आणि गाडीत बसल्यावर गेमबद्दल काही बोलू नका. आम्ही वही मागच्या सीटवर ठेवून देतो. हवी असली की तोच उघडतो, कधी सिग्नलला, कधी रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवून. मग एखाद्या चौकटीवर बोट ठेवून विचारतो, “आई, हा चेंडू खरंच स्ट्राइक होता का?” तिथून बोलणं सुरू होतं ते जेवण थंड होईपर्यंत.

स्पायरलचं स्कोअरबुक खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. खोडरबर असलेल्या दोन पेन्सिली घ्या. मुलांची यादी आली की पहिल्या पानावर नावं आणि जर्सीचे नंबर लिहून ठेवा. पहिल्या दोन गेममध्ये काही चौकटी रिकाम्या राहतील, त्या तशाच राहू द्या. कुठली खूण अडली तर खाली विचारा, मी वही समोर ठेवून उत्तर देईन.