कॅनडा सिटिझनशिप: १०९५ दिवस मोजायचे कसे, आणि आधी नागपूरला यायचं की आधी फॉर्म भरायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहून घेतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोर्स सप्टेंबर २०२० ला सुरू झाला पण कोविडमुळे पहिलं सेम नागपूरला घरी बसून ऑनलाइन केलं, टोरंटोत उतरलात १ फेब्रुवारी २०२१ ला, मग शिक्षण, मग वर्क परमिट, आणि पीआर (म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी) झालं १ ऑगस्ट २०२३ ला. पीआरच्या आधी एकदाही बाहेर नाही. नंतर दोनदा घरी आलात, एकदा भावाच्या लग्नाला (१२ डिसेंबर २०२३ ला निघालात, १५ जानेवारी २०२४ ला परत) आणि एकदा बाबांच्या बायपासच्या वेळी (१० नोव्हेंबर २०२४ ला निघालात, २० एप्रिल २०२५ ला परत). दुसऱ्या वेळी कंपनीचं काम इथूनच लॅपटॉपवर चालू होतं, पगार कॅनडात, टॅक्स कॅनडात. आता १ फेब्रुवारी २०२६ ला पाच वर्षं होतात म्हणून त्याच दिवशी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय, आणि आई म्हणते आधी दोन महिने घरी ये, मग भर काय ते.

१ तारखेला भरू नका. आठ दिवस कमी पडताहेत.

आता कसे ते सांगतो. नियम असा की ज्या दिवशी अर्जावर सही करता त्याच्या लगेच आधीची पाच वर्षं घ्यायची आणि त्यात किमान १०९५ दिवस तुम्ही स्वतः कॅनडाच्या जमिनीवर पाहिजे. घर भाड्याने घेतलेलं होतं, बँक खातं तिथे, गाडी तिथे, फोन नंबर तिथला, यातलं काही चालत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडे जुने लोक अजून सांगतात की "बस्तान तिकडे असलं की झालं". ते पूर्ण खोटं नाहीये, जुन्या कायद्यात राहण्याची नीट व्याख्याच नव्हती आणि कू नावाच्या एका खटल्यातल्या निकालाच्या आधारे काही जज माणसाचं आयुष्य मुख्यतः कुठे चाललंय हे बघायचे, काही मात्र सरळ दिवसच मोजायचे. जून २०१५ पासून तो घोळ संपला, तेव्हा सहा वर्षांत १४६० दिवस आणि वर चार वर्षं दरवर्षी १८३ असा कडक नियम आला, आणि ११ ऑक्टोबर २०१७ पासून तो सैल होऊन आजचा पाच वर्षांत १०९५ झाला. त्यामुळे कोणी सल्ला दिला की पहिले विचारा बाप्पा, तुमची सिटिझनशिप कोणत्या साली झाली. अर्धा गोंधळ तिथेच कळतो.

पीआर मिळायच्या आधीचे दिवस, म्हणजे स्टडी परमिट, वर्क परमिट, अगदी व्हिजिटर व्हिसावरचेसुद्धा, अर्धे धरतात. दोन दिवसांचा एक. आणि असे मिळून जास्तीत जास्त ३६५ च मिळतात, म्हणजे ७३० दिवसांच्या पुढचे वाया. अट एवढीच की त्या दिवशी तुमचं स्टेटस कायदेशीर पाहिजे. परमिट संपायच्या आत रिन्यूअलला टाकलं आणि उत्तराची वाट बघत होतात तर ते दिवस चालतात, पण परमिट संपून मधे खड्डा पडला असेल तर तेवढे दिवस गेले. आणि ते नागपूरला बसून केलेलं ऑनलाइन सेम, ते पीजी वर्क परमिट (शिक्षणानंतर मिळतं ते) मोजताना धरलं असेल, इथे त्याचा शून्य उपयोग. तुमच्याबाबतीत तसंही ते पाच वर्षांच्या बाहेरच गेलं.

तर तुमचा हिशोब. १ फेब्रुवारी २०२६ ला सही म्हणजे खिडकी, म्हणजे मोजायची ती पाच वर्षं, १ फेब्रुवारी २०२१ ते ३१ जानेवारी २०२६, एकूण १८२६ दिवस. पीआरच्या आधीचे ९११, अर्धे केले तर साडेचारशेच्या वर जातात पण मिळणार ३६५ च. पीआरनंतरचे ९१५, त्यातून लग्नाच्या ट्रिपचे ३३ आणि बाबांच्या वेळचे १६० वजा, राहिले ७२२. ७२२ आणि ३६५ मिळून १०८७.

तुम्ही म्हणाल पाच वर्षांतले सहाच महिने तर बाहेर होते, मग कमी कसे. कमी म्हणूनच पडतात की पहिली अडीच वर्षं तुमच्या डोक्यात पूर्ण धरली गेलीत आणि त्यांचं मिळतंय एकच वर्ष. स्टुडंट म्हणून गेलेल्या बहुतेक पोरांचं इथेच चुकतं. आणि लॅपटॉपवर कॅनडाच्या कंपनीचं काम केलं म्हणून ते १६० दिवस धरता येतील का, तर नाही. हा गैरसमज पीआर टिकवायच्या नियमातून येतो. तो नियम वेगळा आहे, पाच वर्षांत ७३० दिवस, आणि त्यात सिटिझन नवऱ्यासोबत किंवा बायकोसोबत परदेशात राहिलेले दिवस, काही अटींवर कॅनेडियन कंपनीने बाहेर पाठवलेले दिवस वगैरे चालतात. सिटिझनशिपला अशी सूट जवळपास नाहीच, सरकारी नोकरीत किंवा सैन्यात परदेशी पाठवलेले आणि त्यांचे घरचे सोडले तर. दोन्हीकडे ७३० आकडा येतो म्हणून लोक दोन्ही नियम एकातच कालवतात.

आता मोजताना निघाल्याचा दिवस आणि परत आल्याचा दिवस दोन्ही कॅनडातलेच धरतात, फक्त मधले दिवस बाहेरचे. म्हणून १० नोव्हेंबर ते २० एप्रिल हे १६० होतात, १६२ नाही.

यातच एक बारीक गंमत आहे. पासपोर्ट काढून बघा. दिल्लीला इमिग्रेशनचा जो शिक्का बसलाय त्यावर बहुतेक १० नोव्हेंबर नसेल, ११ असेल, कारण टोरंटोहून रात्री निघालं की दिल्लीला दुसऱ्या तारखेला उतरतो आणि मग तिथून नागपूरचं विमान. कॅनडातून निघताना शिक्का बसतच नाही, परत येताना मशीनवर चेहरा दाखवला की बरेचदा तिथेही नाही. त्यामुळे लोक बिचारे पासपोर्ट समोर ठेवून आपला भारताचा शिक्का बघून तारीख टाकतात, आणि कॅनडाच्या बॉर्डर एजन्सीकडे विमान कंपनीने दिलेली तारीख वेगळी असते. २०२० च्या जूनपासून विमानाने बाहेर जाणाऱ्यांचीही नोंद त्यांच्याकडे जाते. फॉर्ममधे तुम्ही ती नोंद बघायची परवानगी देताच, म्हणजे ऑफिसर जुळवून बघणार. एका दिवसाचा फरक म्हणजे काही गुन्हा नाही, पण १०९५ वर बेतलेली फाइल असेल तर तोच एक दिवस नडतो. तिकिटाचे जुने ईमेल काढा, बोर्डिंग पास काढा, आणि शक्य असेल तर बॉर्डर एजन्सीकडून तुमची ट्रॅव्हल हिस्टरी माहितीच्या अर्जावर मागवून घ्या. अमेरिकेत गेला असाल तर त्यांच्या आय-९४ च्या साइटवर येण्याजाण्याच्या तारखा दिसतात.

नायगराहून पलीकडे अमेरिकेत बफेलोला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं कधी केलं असेल तर तेही लिहा. दिवस शून्य कापले जातात पण ट्रिप लपवलेली दिसायला नको. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही, मग कशाला.

खिडकी सरकते हे नीट समजून घ्या, आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. हे रहाटगाडग्यासारखं आहे, सही एक दिवस पुढे ढकलली की पुढून एक नवा दिवस आत येतो आणि मागून एक जुना दिवस बाहेर पडतो. पुढून येणारा दिवस कॅनडातला असेल तर एक मिळाला, नागपूरचा असेल तर शून्य. मागून जाणारा दिवस कोणता आहे त्यावर नुकसान. तुमच्या खिडकीच्या मागच्या टोकाला स्टुडंट असतानाचे दिवस आहेत आणि ते तुमच्याकडे गरजेपेक्षा १८१ जास्त आहेत, ९११ पैकी ७३० च कामाचे. म्हणजे १ ऑगस्ट २०२६ पर्यंत मागून जे दिवस पडतील ते असेही फुकटच जाणार होते. तोवर तुम्ही नागपूरला येऊन राहिलात तर १०८७ चे १०८७ च राहतील, वाढणार नाहीत पण घटणार पण नाहीत. ऑगस्टनंतर मात्र दर दोन दिवसांमागे एक गळायला लागेल, आणि तेव्हा घरी असाल तर आकडा खाली जाईल.

हे सगळ्यांना लागू नाही हां, कोणी वाचून तिकीट काढू नका. माझ्या ओळखीत मनीष नगरचे एक काका आहेत, पीआर होऊन आठ वर्षं झाली, सुरुवातीची सलग तीन वर्षं तिकडे मुलाकडे राहिले आणि मग बहुतेक वेळ इथेच, म्हणतात माझे तर कधीचेच झाले ना दिवस. झाले होते काका, तेव्हाच फॉर्म भरायचा होता. आता त्यांच्या खिडकीतून ती तीन वर्षं पूर्ण बाहेर गेली, एकेक पूर्ण दिवस. जमवलेले दिवस बँकेत राहत नाहीत.

तर तुमच्यासाठी. फेब्रुवारीभर तिथेच थांबलात तर ९ तारखेच्या सहीला बरोबर १०९५ भरतात. त्या दिवशीपण सही करू नका, मार्चच्या मध्यापर्यंत जाऊ द्या, महिनाभराचे दिवस वरती असले की एखादी तारीख इकडेतिकडे झाली तरी फाइल पडत नाही. कमी पडले की अर्ज नामंजूर, आणि प्रोसेसिंगची फी परत मिळत नाही. मग सही करून, सबमिट करून निवांत घरी या, कारण सहीनंतरचे दिवस या हिशोबात येतच नाहीत. मार्चअखेर आलात तर कूलर पुसायला आईला मदत होईल, दुसरं काय. पण बाबांना आत्ता गरज असेल तर काऊन थांबता, आत्ता या. तुमच्या केसमधे दोन महिन्यांनी काही बिघडत नाही, परत जाऊन तेच आठ दिवस आणि वरचे काही भरायचे आणि मेच्या आत फॉर्म टाकायचा. मी असतो तर बाबांची तब्येत विचारून ठरवलं असतं, आकडा विचारून नाही.

घरी आल्यावर कपाटातला जुना पासपोर्ट आठवणीने घ्या. पाच वर्षांत पासपोर्ट बदलला असेल तर जुन्याचीही माहिती आणि कॉप्या लागतात, आणि आपल्याकडे कोपरा कापलेला पासपोर्ट म्हणजे रद्दी समजून कुठेतरी पडलेला असतो.

बाकी अटी पटकन. पाचपैकी निदान तीन वर्षांचा टॅक्स भरलेला पाहिजे, तुमचा आहे. १८ ते ५४ वयाला इंग्रजी किंवा फ्रेंचचा पुरावा, तुमचं कॉलेजचं सर्टिफिकेट चालून जाईल. टेस्टला २० प्रश्न, १५ बरोबर. मोजणी हाताने करू नका, सरकारी साइटवर फिजिकल प्रेझेन्स कॅल्क्युलेटर आहे, कागदावर भरत असाल तर फॉर्म ०४०७, तारखा टाका आणि ती प्रिंट जपून ठेवा. इथले काही कन्सल्टंट याच कॅल्क्युलेटरमधे तारखा टाकून द्यायचे पैसे घेतात, देऊ नका.

फॉर्म टाकून इकडे आलात तरी ईमेल रोज बघत जा, स्पॅमसकट. टेस्टचं बोलावणं येतं त्याला मुदत असते. ओथ (नागरिकत्वाची शपथ) घेताना, ऑनलाइन असली तरी, कॅनडातच असावं लागतं. आणि ओथ होईपर्यंत तुम्ही पीआरच आहात, तेव्हा पीआर कार्डची तारीख बघूनच विमानात बसा.

खाली कमेंटमधे एका ताईंनी अमेरिकेच्या सिटिझनशिपचं विचारलंय, ते वेगळं आहे. तिथे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष हजेरी, आणि शिवाय सलग वास्तव्य वेगळं बघतात, एकच ट्रिप सहा महिन्यांच्या वर गेली की वास्तव्य तुटलं असं धरून चालतात आणि तुटलं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं, वर्षाच्या वर गेली तर तुटतंच. कॅनडात एका ट्रिपला अशी मर्यादा नाही, एकूण बेरीज बघतात.

शेवटची गोष्ट बाबांच्या संदर्भात, ही आधीच डोक्यात असू द्या. ओथ घेतली की त्याच क्षणी भारताचं नागरिकत्व संपतं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. भारतीय पासपोर्टवर मग प्रवास करता येत नाही, तो सरेंडर करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) टाकायचं. पीआर कार्डही तेव्हा संपलेलं असतं. म्हणजे ओथपासून कॅनेडियन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा किंवा ओसीआय हातात येईपर्यंत मधे काही आठवडे असे असतात की घरून फोन आला तरी लगेच निघता येत नाही. ओथची तारीख आली आणि बाबांचं तेव्हा काही चालू असेल तर कारण लिहून तारीख पुढे मागा. आणि काटोलकडे बाग घ्यायचं कधी मनात असेल तर ते ओथच्या आधी उरकू असं धरू नका, शेतजमीन ओसीआयवाल्याला विकत घेता येत नाही तशी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही येत नाही. वारशाने आली तर ठीक.

कॅल्क्युलेटरमधे तारखा टाकून काय आकडा येतो ते इथे लिहा. माझ्या १०८७ शी जुळला नाही तर परमिटच्या तारखाही टाका, बघू कुठे अडतंय.