'मशीन स्क्वेअर नाही' हे मराठीत कसं लिहावं?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. चवथीच्या मखराच्या जाळ्या कापायला त्यांनी घरी छोटा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं यंत्र) बांधलाय आणि हाताखालच्या पोरांसाठी मराठीत दुरुस्तीचं टिपण लिहितायत. विचारलंय की 'मशीन स्क्वेअर नाही' याला 'चौरस नाही' म्हटलं तर चालेल का, आणि स्पिंडल (कापायचं बिट धरून फिरवणारा भाग) तिरका असेल तर 'ओळंब्यात नाही' लिहू का.

चौरस नको. चौरस म्हणजे चारी बाजू सारख्या, आणि इथे तक्रार बाजूंची नाहीच, कोपऱ्याची आहे. गॅन्ट्री (दोन रेलवर पुढे-मागे सरकणारा, स्पिंडल वाहणारा आडवा पूल) एका अंगाला पुढे सरकली तरी ३०० बाय ४०० चा तुकडा टेपने ३०० बाय ४०० च भरतो, पोरगा म्हणेल सगळं बरोबर आहे, आणि मखर जोडायला घेतलं की कोपऱ्यात फट. मापच कमी-जास्त येत असेल तर तो बिघाड वेगळा, तिथे स्टेप्सचं सेटिंग (एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं फिरायचं ते) तपासायचं.

यासाठी सुतारकामातला शब्द तयार आहे, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. 'गॅन्ट्री रेलला गुण्यात नाही' असं सरळ लिहा, ज्याने एकदा जरी खिडकीची चौकट ठोकलीय त्याला लगेच कळेल. 'काटकोनात नाही' हेही बरोबरच आहे, पण मला गुण्या जास्त आवडतो कारण त्यात शब्दासोबत हत्यारही येतं, आणि हत्यार आलं की तपासायचं कसं तेही येतं.

ओळंब्याचं मात्र जपून. ओळंबा आणि पाणसळ दोन्ही जमिनीच्या ओढीवर चालतात, भिंत उभी आहे का, लादी सपाट बसलीय का हे ते सांगतात, आणि राउटरला त्याचं काहीच नसतं! टेबल थोडं कललेलं असलं तरी मशीन पिळलेलं नसेल तर काम चोख येतं, कारण इथे एक भाग दुसऱ्या भागाशी ताडायचा असतो. 'स्पिंडल ओळंब्यात घ्या' असं लिहिलंत तर कोणीतरी खरोखर लेव्हलची बाटली लावून दिवसभर टेबलाच्या पायाखाली पॅकिंग सारत बसेल. म्हणून 'स्पिंडल बेडला काटकोनात' असं लिहा, बेड म्हणजे लाकूड ठेवायचा पाट. हे तपासायला स्पिंडलला आडवा हात बांधून गोल फिरवायचा आणि टोकाखालची फट डावी-उजवीकडे, पुढे-मागे बघायची. २०० मिमी अंतरावर ०.२ मिमी फरक आला तर २५ मिमीच्या सरफेसिंग बिटने (पृष्ठभाग सपाट करायच्या रुंद बिटने) प्रत्येक फेऱ्याला साधारण ०.०२५ मिमीची पायरी राहते, बोटाला लागते. त्या कामाला ट्रॅमिंग म्हणतात, तो शब्द तसाच ठेवा, ओढूनताणून मराठी करू नका. आणि पावसात एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (बिट लागून खराब झाला तरी चालेल असा बेडवरचा फळा) फुगतो तेव्हा बेडचा सपाटपणा जातो, गॅन्ट्रीचा गुण्या नाही, हे दोन टिपणात वेगळे ठेवा नाहीतर पोरं जूनमध्ये उगाच गॅन्ट्री खोलतील.

गुण्या तपासायला कर्ण. घराच्या पायाची आखणी करताना गवंडी ३-४-५ ने काटकोन काढतो तेच इथे. आडवं ४०० आणि पुढे-मागे ३०० धरून चार कोपऱ्यांना बारीक भोकं पाडा (कापलेल्या कडा मोजू नका, बिटची जाडी मध्ये येते), दोन्ही कर्ण ५०० भरले पाहिजेत. एकाच टेपने मोजा, कारण आकड्यापेक्षा दोन कर्णांतला फरक महत्त्वाचा. १ मिमी फरक म्हणजे ४०० च्या बाजूवर जवळपास ०.८ मिमी तिरपेपणा. पुढचा-डावा ते मागचा-उजवा कर्ण लांब असेल तर गॅन्ट्रीचं उजवं टोक मागे गेलंय, ते पुढे घ्या. दोन वाय मोटर (गॅन्ट्री पुढे-मागे नेणाऱ्या) असतील तर चालू करण्याआधी दोन्ही टोकं स्टॉपरला टेकवायची, आणि दोन्ही बाजूंना वेगळे लिमिट स्विच (टोक टेकलं की कळवणारी बटणं) असतील तर तो फरक होमिंगच्या (मशीन सुरुवातीच्या जागी आणायच्या) सेटिंगमध्ये एकदाच भरून टाकता येतो. एवढं करूनही परत परत सरकत असेल तर कपलरचा (मोटरचा शाफ्ट गॅन्ट्री सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याला, म्हणजे लीडस्क्रूला जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे आवळायचा बारीक स्क्रू, बघा, बहुतेक शाफ्टवर घसरत असतो.

बाजारातला गुण्या स्वतःच गुण्यात आहे का हेही टिपणात घाला. सरळ कडेला टेकवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून परत रेघ. दोन रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची.

राहिलं अलाइनमेंट. एक शब्द सगळीकडे पुरणार नाही. दोन रेल असतील तर 'समांतर', मोटर आणि लीडस्क्रू असेल तर 'एका रेषेत'. नुसतं 'अलाइनमेंट गेली' लिहिलं तर वाचणाऱ्याला पाना कुठे लावायचा ते कळत नाही.