पिल्लू रस्त्यावरचं काहीही खातं, तोंडातून काढायला गेलं की गिळून टाकतं, काय करू?

तुम्ही विचारलंय की लॅबचं, म्हणजे लॅब्राडॉर जातीचं, चार महिन्यांचं पिल्लू फिरायला नेलं की हाडं, टिश्यू, प्लास्टिक, शेण, दिसेल ते तोंडात घालतं, ओरडलं तरी ऐकत नाही आणि बोटं घालून काढायला गेलं की पटकन गिळूनच टाकतं. त्यातलं हे शेवटचं, पटकन गिळणं, आधी थांबवायला हवं, बाकीचं हळूहळू होतं.

तोंडात घालणं या वयात असणारच. पिल्लाला हात नाहीत, वस्तू काय आहे ते बघायला तोंडच वापरणार, त्यात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात जाऊन कायमचे ४२ येत असतात, हिरड्या शिवशिवत असतात. आणि तुमचा तर लॅब. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त असतात. म्हणजे काहींची भूक खरंच जास्त असते, तो हट्टीपणा करतोय असं मनात आणू नका.

गिळायला मात्र बऱ्याचदा आपणच शिकवतो. पिल्लाच्या बाजूने बघा, काहीतरी सापडलं, लगेच माणूस धावत आला, आरडाओरडा, जबडा उघडला, वस्तू गेली. असं काही वेळा झालं की त्याला कळतं की ही वस्तू भारी असणार आणि माणूस पोचायच्या आत ती पोटात गेली पाहिजे. यातलीच काही पिल्लं मोठी झाली की तोंडात काही असताना जवळ गेलं तर गुरगुरतात आणि घरचे म्हणतात हा अचानक चिडका झाला. म्हणून धावणं, ओरडणं, जबडा उघडणं बंद. वाळकं पान, काडी, कागदाचा कपटा असेल तर बघायचंही नाही, चालत राहायचं, बहुतेक वेळा चार पावलांवर ते आपणच थुंकतं. जबडा उघडायचा तो फक्त खरंच धोक्याची वस्तू असेल तेव्हा, त्याबद्दल खाली लिहिते.

आता 'सोड' शिकवायचं. घरात, तोंडात काहीही नसताना सुरू करा. शांत आवाजात 'सोड' म्हणा आणि लगेच त्याच्या कोरड्या डॉगफूडचे चार-पाच दाणे जमिनीवर टाका, बोटाने एकेक दाखवत खायला द्या. त्याला काही करायचंच नाहीये, फक्त शब्द ऐकला की खाली खाऊ पडतो एवढं डोक्यात बसू दे. शब्द ऐकताच मान खाली जायला लागली की मग तोंडात साधं खेळणं असताना 'सोड' म्हणा, खाऊ टाका, तो खात असताना खेळणं उचला आणि खाणं झाल्यावर परत द्या. हे परत देणं अजिबात विसरू नका, सगळी गंमत त्यातच आहे, दिलं तर परत मिळतं हे कळलेलं पिल्लू गिळायची घाई करत नाही. तुम्ही म्हणाल जमिनीवरचं खाऊ नको म्हणून शिकवतोय आणि जमिनीवरच टाकायचं? हो, कारण हातातून एक दाणा दिला तर तो एका क्षणात संपतो आणि पिल्लू वस्तूकडे परत वळतं, जमिनीवर पसरलेले दाणे शोधताना त्याचं तोंड गुंतलेलं राहतं आणि तुम्हाला वस्तू उचलायला वेळ मिळतो, तोंडाजवळ हात न नेता.

दुसरा शब्द 'नको', तो तोंडात घालायच्या आधीचा. मुठीत दाणा धरा, पिल्लू चाटेल, पंजा मारेल, कुरतडेल, तुम्ही काहीच बोलायचं नाही, मूठ उघडायची नाही. ज्या क्षणी ते नाक मागे घेईल त्या क्षणी 'शाब्बास' आणि दुसऱ्या हातातून चिकनचा तुकडा. मुठीतला दाणा कधीच द्यायचा नाही, नाहीतर ते शिकतं की 'नको' म्हणजे जरा थांबून हेच खायचं. मग उघडा तळहात, मग जमिनीवर पायाजवळ, पाय तयार ठेवून, झडप घातली तर झाकायचं. 'नको' हा शब्द यानंतरच जोडा, मागे सरणं पक्कं झाल्यावर, सुरुवातीपासून ओरडत बसलात तर तो शब्द नुसता आवाज होतो. खरी मेहनत पुढे आहे, पट्टा लावून जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग तुम्हीच आधी जाऊन गेटजवळ पोळीचा तुकडा, रिकामं पाकीट ठेवून यायचं आणि पट्टा पोचणार नाही इतक्या लांबून नेऊन सराव करायचा. हा मधला टप्पा बहुतेक लोक गाळतात, हॉलमध्ये जमलं की थेट रस्त्यावर नेतात आणि तिथे तंदुरीचं हाड पडलेलं असतं, ते कसं जमणार. खाऊ पण तसाच हवा, रस्त्यावर कोरडा दाणा चालत नाही, मिठाशिवाय उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा पनीर, नखाएवढे तुकडे, आणि तेवढं जेवणातून कमी करा.

आमच्या घरी एक लॅब आणि एक गावठी, रस्त्यावरून आणलेली. तिला लॅबपेक्षा खूप जास्त वेळ लागला कारण तिचं लहानपणच कचऱ्यावर गेलेलं, पण शिकली, आता हाड दिसलं की आधी माझ्याकडे बघते. हे बघणं तुमच्या पिल्लाने कधीही, आपणहून केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या, सांगितलेलं नसलं तरी.

शिकेपर्यंत रस्त्यावर संधीच कमी द्यायची. पाच-सहा फुटांचा साधा पट्टा, तो लांब होत जाणारा दोरीवाला नको, फोन खिशात, नजर पिल्लाच्या दहा पावलं पुढे. खाऊगल्ली, चिकनच्या गाड्या, भटक्यांना खायला घालायच्या जागा सध्या टाळा, विशेषतः रविवारी सकाळी झाडूवाले यायच्या आधी. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, तिथे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी चौकातून नेतच नाही, उताऱ्याचा दहीभात पडलेला असतो आणि दारावरची लिंबू-मिरची तर कुठेही फेकलेली असते, त्यात तार असते आणि बऱ्याचदा बिब्बाही, जो कातडीला लागला तरी फोड येतात. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन फेकलेलं कणीस, या दोन गोष्टी मला सगळ्यात भयंकर वाटतात कारण कुणाला त्या धोक्याच्या वाटतच नाहीत. दोन्ही पचत नाहीत, आतड्यात अडकतात आणि मग ऑपरेशन. शिजवलेल्या हाडाच्या सुया होतात. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके किडनीला घातक. शुगर फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर तासाभरात एकदम खाली येऊ शकते. पावसाळ्यात डबकी पण, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. आणि वयावरून वाटतं की लसीचा शेवटचा डोस आत्ताच झाला असेल किंवा व्हायचा असेल, तो १६ आठवडे किंवा त्यानंतर होऊ द्या, तोवर दुसऱ्या कुत्र्यांच्या शीपासून लांब, पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार त्यातूनच पसरतो.

उंदराच्या औषधाबद्दल वेगळं सांगते. सोसायट्यांमध्ये ठेवतात त्या वड्यांमध्ये बहुतेकदा ब्रोमॅडिओलोन असतं, रक्त गोठूच देत नाही, पण पहिले दोन-तीन दिवस कुत्रा एकदम ठणठणीत दिसतो, त्यामुळे लोक वाट बघतात आणि मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून, शीतून रक्त यायला लागतं. लगेच नेलं तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवता येतं. विष, सुई, बॅटरी, कोय, तार असं काही तोंडात दिसलं आणि 'सोड'ने सुटलं नाही तर तेव्हा जबडा उघडा, बिनधास्त. वरच्या दातांमागून हाताने वरचा जबडा धरायचा, दुसऱ्या हाताने खालचा उघडायचा, दिसतंय तेच काढायचं, न बघता बोट खोल घालू नका, आणखी आत ढकललं जातं. काढल्यावर मोठा खाऊ द्या, म्हणजे आधीची मेहनत वाया जात नाही. गिळलंच असेल तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, मिठाची स्वतःची विषबाधा होते आणि टोकदार वस्तू किंवा बॅटरी उलटीत वर येताना अन्ननलिकेला इजा करते. पाकीट किंवा उरलेला तुकडा घेऊन सरळ डॉक्टरकडे, डॉक्टरांना उलटी काढायची असेल तर पहिले एक-दोन तासच कामाचे असतात. वस्तू दिसली नव्हती पण पिल्लू सारखं ओकतंय, जेवत नाही, पोटाला हात लावू देत नाही, शी होत नाही, तरीही त्याच दिवशी दाखवा.

इतकं सगळं करून तुमचा एरियाच कचऱ्याचा असेल तर बास्केट मझल घ्या, म्हणजे तोंडावर बांधायचं जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडाचं तोंड घट्ट बांधणारं घेऊ नका, उन्हात कुत्रा धापा टाकू शकला नाही तर उष्माघात होतो. आत पनीर लावून आठवडाभर नुसतं नाक घालायची सवय लावा, मग बांधा. लोक विचारतील चावतो का, तर सांगायचं की रस्त्यावरचं खातो, बास. जिवापेक्षा ते जास्त नाही.

एक राहिलं. शेण, माती, दगड, भिंतीचा चुना हेच मुद्दाम शोधून खात असेल तर ट्रेनिंगच्या आधी शी आणि रक्त तपासून घ्या, जंत किंवा रक्त कमी असलं की पिल्लं असं करतात. सहा महिन्यांपर्यंत जंताचं औषध दर महिन्याला लागतं, तुमचं शेवटचं कधी झालं ते कार्डवर बघा.