साडेसातची मोटर बसवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नदीवरची पाचची मोटर काढून साडेसातची बसवायची म्हणतोस. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, म्हणजे बिल वाढायचं नाही. पाणीपट्टीही पिकावर आणि क्षेत्रावर, लिटरवर नाही. हिशेब चोख आहे तुझा. अडचण एवढीच की भोगावतीकाठचा जो तो हाच हिशेब घालून बसलाय आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबरच येतंय.

एप्रिलात बंधाऱ्यामागं दिसतं ते वाहत्या नदीचं पाणी नव्हे. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्याच्या गाळ्यांच्या खाचांत बरगे म्हणजे फळ्या घालून अडवलेलं आणि राधानगरी धरणातून वेळोवेळी सोडलेलं ते साठवणीचं पाणी. वरच्या अंगाला सगळ्यांनी एकदम मोटरी ओढल्या की खालच्या बंधाऱ्याला पाणी पोचत नाही. मग ओरड होते आणि उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उचलायला मनाई, लागते. बंदीची नुसती कुणकुण लागू दे, आदल्या रात्री काठावरच्या एकूण एक मोटरी सुरू! ज्या उसाला चार दिवस पाणी नसतं तरी चाललं असतं, तोही त्या रात्री पाणी पितो. याला मी हाव म्हणणार नाही. ‘मी नाही उचललं तर शेजारी उचलणार’ ही धास्ती आहे आणि ती खोटीही नाही.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६८ साली हेच गायरानाच्या उदाहरणानं मांडलं. प्रत्येकजण आपलं एक जनावर वाढवतो, फायदा त्याच्या एकट्याचा, उजाड होणारं रान सगळ्यांचं. त्याच्या मते यावर उपाय दोनच: सरकारी बडगा नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी मात्र जगभरची पाण्याची, जंगलाची, मासेमारीची उदाहरणं धुंडाळून दाखवलं, की लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही. फक्त राखण आपल्यातल्याच कुणीतरी करावी लागते आणि पहिल्या चुकीला दंड हलका ठेवावा लागतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्यांचंच पटतं. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी गावानं नेमलेल्या माणसानं द्यायचं. आपल्याकडे ऊस कुणी किती लावावा हे ठरवायची कुणाची टाप आहे? पण पाण्याची पाळी ठरवता येते.

पाणी संपतं हे तरी दिसतं. जमीन बिघडते ते दिसायला वर्षं जातात. शिरोळ तालुक्यात एकदा फिरून ये. बांधाच्या कडेला पांढरा फुफाटा, उसाचे शेंडे पिवळे, मधेच उगवण नसलेली टकलं. काळ्या रानाला वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त पाणी पाजलं की खालची पाणीपातळी वर येते, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. वाईट असं, की जास्तीचं पाणी वरच्या रानाचा मालक देतो आणि क्षार फुटतात खालच्याच्या रानात. दुरुस्तीही एकट्याला जमत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले तरी निचऱ्याचं पाणी ओढ्याला न्यायला वाट शेजाऱ्याच्याच रानातून लागते. तिथं ही कामं झाली ती गटानं एकत्र येऊनच.

आता मोटरीचं. आधी ऑटो स्विच काढ. रात्री दोनला लाईट येते, मोटर आपोआप चालू होते, तू घरी घोरत असतोस आणि सरी भरून पाणी ओढ्याला लागतं. (ही उधळपट्टी कुणी मोजत नाही, म्हणून कुणाला लागतही नाही.) मग पाणी द्यायच्या दिवशी सरीत वीतभर उकर आणि माती मुठीत दाब. गोळा होत असेल तर पाळी पुढं ढकल. असं एक हंगाम करून बघ. तरीही पाचची कमी पडली तर साडेसातची बसव, मी येईन मुहूर्ताला.

आणि पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेला जा. जेवणाच्या वेळेला नको, अहवाल वाचतात तेव्हा जा. टेलच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाच्या, शेतकऱ्यांजवळ बस. त्यांच्या चेंबरला (पाईपातून पाणी रानात सोडायच्या हौदाला) गेल्या मे महिन्यात पाणी किती वेळा आलं हे विचार आणि मग उभा राहून तोच प्रश्न चेअरमनना विचार. पहिल्या वर्षी हसतील. दुसऱ्या वर्षी पाळीपत्रक (कुणाला पाणी कधी, त्याचा तक्ता) फळ्यावर लावा म्हणून ठराव मांड. अनुमोदन टेलवाले देतील.

तुझा,
काका