'हाय टी' नव्हे, आणि 'स्पा'चा खरा पत्ता

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला चालले आहे. त्यानं हॅरोगेट नावाच्या 'स्पा टाऊन'मध्ये आफ्टरनून टीसाठी टेबल राखून ठेवलंय. आफ्टरनून टी म्हणजेच हाय टी ना? आणि 'स्पा टाऊन'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मला मोठ्यानं द्यावंसं वाटतं. आपल्याकडच्या हॉटेलांनी, साखरपुड्याच्या पत्रिकांनी आणि ऑफिसातल्या निमंत्रणांनी 'हाय टी'ची पार वाट लावली आहे. चार वाजता चहा, सोबत समोसा आणि पेस्ट्री, की लगेच पाटी लागते 'हाय टी'. 'हाय' म्हणजे उच्च आणि उच्च म्हणजे उच्चभ्रू, असा सरळ हिशेब.

खरी गोष्ट नेमकी उलट आहे. हाय टी हे इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरणी आणि खाण कामगारांचं संध्याकाळचं जेवण. पाळी संपवून पाच-सहाच्या सुमाराला माणूस घरी आला की त्याच्यापुढे मांस, बटाटे, सारण भरून भाजलेला 'पाय' (pie), ब्रेड-लोणी, चीज आणि किटलीभर कडक चहा यायचा. यॉर्कशरमध्ये आजही कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला नुसतं 'टी' म्हणतात. हॅरोगेट यॉर्कशरमध्येच आहे, हे ध्यानात असू द्या.

आता 'हाय' का? उंच टेबलावर खायचं म्हणून 'हाय' आणि बैठकीच्या खोलीतल्या बुटक्या टेबलावरचा तो 'लो टी', असं प्रवासाच्या लेखांत सर्रास छापतात आणि आपली भाषासदरं ते उचलतात. मला हे मुळीच पटत नाही. इंग्रजीत 'हाय'चा 'पुरता, ऐन भरातला' असाही जुना अर्थ आहे. हाय नून, हाय समर, चर्चमधला सगळ्या विधींसकट होणारा हाय मास, हे सगळे त्याच वळणाचे शब्द. यातल्या कशाला टेबल लागतं? आपण हाय नूनला 'भर दुपार' म्हणतो. तोच 'भर' इथे लावा, म्हणजे हाय टी हा 'भरपेट चहा' ठरतो. सुताराची मोजपट्टी आणण्याची गरजच नाही.

आफ्टरनून टीबद्दल फार सांगत बसत नाही, कारण ते तुम्ही अनुभवणारच आहात. दुपारचं जेवण आणि उशिराचं रात्रीचं जेवण यांमधल्या भुकेवर बेडफर्डच्या डचेसनं, ॲना रसेल यांनी, १८४० च्या आसपास हा उपाय काढला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. तीन मजली तबकात खाली काकडीचे वगैरे नाजूक सँडविच, मध्ये स्कोन म्हणजे छोटे भाजलेले पाव आणि वर केक. खालून वर खात जायचं. स्कोनसोबत घट्ट सायीसारखं क्लॉटेड क्रीम आणि जॅम असतो. हॅरोगेटमध्ये बेटीज हे १९१९ पासूनचं टीरूम प्रसिद्ध आहे. ते काढलं फ्रेडरिक बेलमाँट या स्विस माणसानं.

पण खरी मौज दुसऱ्या प्रश्नात आहे. 'स्पा टाऊन' म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव. 'स्पा' म्हटलं की आपल्याकडे मालिश, मेणबत्त्या आणि मंद संगीत. त्यातच व्हॉट्सॲपवर दर महिन्याला फिरणारं ज्ञान असं, की 'स्पा' हे 'सानितास पेर आक्वाम', म्हणजे 'पाण्याद्वारे आरोग्य', या लॅटिन शब्दांचं लघुरूप. सुशिक्षित माणसं हे व्याख्यानात सांगतात तेव्हा चीड येते. आद्याक्षरं जोडून बोलायचा शब्द बनवण्याची खोड विसाव्या शतकाची आहे. रोमन लोक शिलालेखात एस-पी-क्यू-आर ('रोमची सिनेट आणि जनता' याची लॅटिन आद्याक्षरं) कोरत, पण 'स्पकर' असं कुणी उच्चारत नव्हतं. आणि झऱ्यांच्या गावांना ते काय म्हणत, याचा पुरावा ढळढळीत आहे. इंग्लंडमधलं बाथ म्हणजे आक्वे सुलिस, सुलिस देवीचं पाणी. बक्स्टन म्हणजे आक्वे आर्नेमेशिए. सगळीकडे 'आक्वे'. 'स्पा' कुठेच नाही.

'स्पा' हे एक गाव आहे. बेल्जियममध्ये, लिएज प्रांतात. मोटारशर्यतींचे शौकीन ज्याला स्पा-फ्रँकोरशाँ म्हणतात, त्यातलंच हे स्पा. तिथल्या लोहयुक्त झऱ्यांची कीर्ती सोळाव्या शतकात युरोपभर होती, आणि पैसेवाले इंग्रज औषध म्हणून ते पाणी प्यायला समुद्र ओलांडून जात. असाच तिकडचं पाणी पिऊन आलेला विल्यम स्लिंग्सबी. त्याला १५७१ मध्ये हॅरोगेटच्या माळावर एका झऱ्याचं पाणी चाखताना तीच लोखंडी चव लागली. पुढे १५९६ च्या सुमारास डॉ. टिमथी ब्राइट यांनी त्या झऱ्याला 'इंग्लिश स्पॉ' म्हटलं. तेव्हा लिहीत आणि बोलत 'स्पॉ' असंच. हे ब्राइट म्हणजे इंग्रजी लघुलिपीचे आद्य पुरुष. १५८८ चं त्यांचं लघुलिपीचं पुस्तक राणी एलिझाबेथला अर्पण केलेलं आहे. यॉर्कचे वैद्य एडमंड डीन यांनी १६२६ मध्ये या झऱ्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि ब्राइट यांच्या नामकरणाची नोंद त्यातच ठेवली. परदेशातल्या एका गावाचं विशेषनाम या झऱ्यावरून इंग्रजीत सामान्यनाम व्हायला लागलं. इतका स्वच्छ कागदोपत्री पुरावा फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतो, आणि लोक तो सोडून बनावट लॅटिन कवटाळतात.

आता त्या झऱ्याचं नाव ऐका, कारण त्यासाठीच मी हे सगळं लिहितोय. टेविट वेल. 'टेविट' हा यॉर्कशर बोलीतला एका पक्ष्याचा शब्द. पुस्तकी इंग्रजीत लॅपविंग, आणि मराठीत टिटवी! दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून बघा. टेविट, टिटवी. या माळावर त्या पक्ष्यांचे थवे उतरत, म्हणून हे नाव.

इथे कुणी लगेच इंडो-युरोपीय मूळ काढू नये. टिटवी आली संस्कृत टिट्टिभावरून, आणि टेविट घडला यॉर्कशरच्या चिखलात, स्वतंत्रपणे. पक्षीही एकच नाही. त्यांचा तुरेवाला, आपला डोळ्यांपुढे लाल मांसल पाळी असलेला. दोघांचा वंश (genus) तेवढा एक, व्हॅनेलस. तरीही दोन्हीकडच्या कानांना 'ट' आणि 'व' ऐकू आला. स्कॉटलंडमध्ये 'ट्युखिट' म्हणतात, जर्मनीत 'कीबिट्स', इतर इंग्रज 'पीविट'. आद्य व्यंजन बदलत जातं, पण शेवटचा झटका तोच. माझं ठाम मत असं, की जमिनीवर घरटं करणाऱ्या, माणूस दिसला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडणाऱ्या पक्ष्याला नांगरणारी माणसं कानानं नाव देतात, आणि लिहिणारी माणसं डोळ्यानं. 'लॅपविंग'च्या जुन्या इंग्रजी रूपात उडी आणि हेलकावा आहे, म्हणजे ते उडण्याचं वर्णन. तिथल्या शेतकऱ्यानं मात्र ओरडणंच टिपलं. आपल्या शेतकऱ्यानंही तेच केलं, आणि वर 'टिटवी देखील समुद्र आटवते' ही म्हण दिली. पक्षीकोशांत 'टिटवी' हे गावठी नाव म्हणून कंसात टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठी.

म्हणून माझी विनंती, चहाच्या आधी ती टेविट वेल बघून या. स्ट्रे नावाच्या मोकळ्या हिरवळीवर, खांबांच्या घुमटीखाली आहे. गावातल्या गंधकाच्या झऱ्यावर १८४२ ची रॉयल पंप रूम उभी आहे. तिथे आता संग्रहालय आहे.

हां, मराठी शब्द. 'आरोग्यनगरी' नको, त्याला रुग्णालयाचा वास येतो. सरळ 'झऱ्याचं गाव' म्हणा. बाथसाठी तर कोकणातला अस्सल शब्द आहे, 'उन्हाळे'. राजापूरजवळचं उन्हाळे गाव गरम झऱ्यावरूनच ओळखलं जातं, आणि बाथचं पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे तिथे तो चपखल बसतो. हॅरोगेटचं पाणी थंड, तिथे चालणार नाही. आणि मुलाच्या शेजाऱ्यांनी सहा वाजता 'टी'ला बोलावलं, तर घरून जेवून जाऊ नका.