शय्याव्रणात अळ्या पडल्यास

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ८२ असून पक्षाघातानंतर त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना मधुमेहही आहे. यंदा पावसाळ्यात कमरेवरच्या शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने झालेल्या जखमेची) पट्टी सोडली, तेव्हा आत अळ्या वळवळताना दिसल्या. शेजारच्या काकूंनी रॉकेल ओतायला सांगितले, तर नणंदेने आम्हीच हयगय केल्याचे ऐकवले. हा आजार घरातल्या मुलांना लागेल का? काय करावे?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : रॉकेल, फिनेल यांपैकी काहीही जखमेत घालू नये, त्याने जिवंत मांस भाजते आणि जखम वाढते. जखमेवर स्वच्छ, ओलसर पट्टी झाकून त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अळी डोके मांसात खुपसून बसते आणि मागच्या टोकाने श्वास घेते. त्यामुळे डॉक्टर टर्पेंटाइनसारख्या द्रवात भिजवलेली पट्टी काही वेळ ठेवून तिला वर यायला भाग पाडतात व मग चिमट्याने एकेक अळी काढतात. घरी ओढाओढ केल्यास ती तुटून अर्धी आत राहण्याची भीती असते. पुष्कळदा हे काम एका बैठकीत संपत नाही. सोबत मृत मांस काढणे, धनुर्वाताची लस, प्रतिजैविके आणि गरजेनुसार आयव्हरमेक्टिन (अळ्या मारणारे औषध) हे डॉक्टर प्रकृती पाहून ठरवतात.

आपल्या देशात हा उपद्रव बहुधा ‘क्रायसोमिया बेझियाना’ या माशीमुळे होतो. ती उघड्या जखमेच्या कडेला एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि ५ ते ७ दिवस जिवंत मांस खाऊन पुढे कोश करण्यासाठी जमिनीवर गळून पडतात. म्हणूनच हा आजार स्पर्शाने मुलांना लागत नाही. मात्र चादरीत सापडलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात.

नणंदेच्या बोलण्याविषयी एवढेच म्हणता येईल की, हात हलवून माशी हाकलता न येणाऱ्या आणि मधुमेहाने संवेदना मंदावलेल्या माणसाच्या जखमेला एक उघडी दुपारही पुरते. ‘किडे पडणे’ हे पापाचे फळ मानणाऱ्यांमुळे अनेक घरे ही गोष्ट लपवतात आणि उपचाराला उशीर होतो, हे अधिक घातक आहे.

कोकणात मच्छरदाणी रात्री लावून सकाळी गुंडाळून ठेवण्याची रीत आहे. या माश्या मात्र दिवसा फिरतात, तेव्हा सासूबाईंची मच्छरदाणी दिवसाही लावलेली असावी. पडवीला लागून गोठा असेल, तर खाट आतल्या खोलीत हलवावी, कारण हीच माशी गुरांच्या जखमांतही अंडी घालते. पट्टी रोज बदलावी, पावसाने किंवा लघवीने भिजल्यास लगेच; आणि दर दोन तासांनी कूस पालटावी. माशी तोंडात आणि नाकातही अंडी घालू शकते, म्हणून तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या रुग्णाच्या हिरड्या व टाळू रोज पुसून पाहाव्यात. नाकातून दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव किंवा आत काही हलल्यासारखे वाटणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.